राउटरला हार्ड डिस्क लावून मीडिया सर्व्हर: पावसाळ्यापासूनचा अनुभव आणि ती प्रश्नचिन्हं

काल राउटर कंपनीचा मेसेज आला, तुमच्या तक्रारीचं निवारण झालंय, कृपया रेटिंग द्या. निवारण त्यांनी केलेलं नाही, मी केलंय, तेव्हा रेटिंग इथेच देतो. मॉडेल सांगत नाही, कारण हा घोळ एकाच मॉडेलपुरता असेल असं मला वाटत नाही.

सेटअप साधा आहे. ड्युअल बँड राउटर, मागे एक यूएसबी २.० पोर्ट, त्याला घरात पडून असलेली १ टीबीची अडीच इंची डिस्क, राउटरच्या सेटिंगच्या पेजवर जाऊन मीडिया सर्व्हर (डिस्कवरचे व्हिडिओ, गाणी घरातल्या टीव्हीवर दाखवायची सोय) ऑन, टीव्हीच्या सोर्समध्ये राउटरचं नाव हजर. सुरुवातीला डिस्क टकटक करायची आणि गायब व्हायची, कारण यूएसबी २.० पोर्ट नियमाप्रमाणे ५०० मिलीअँपच देतो आणि डिस्कला फिरायला सुरुवात करताना जास्त लागतात. स्वतःचा वीज अडॅप्टर असलेला जुना यूएसबी हब मध्ये टाकला, टकटक बंद. खर्च शून्य, त्यामुळे मी खूश.

खूश फार वेळ राहू दिलं नाही. हे सगळं आईसाठी केलं होतं. घरातले लग्नमुंजीचे व्हिडिओ, आप्पांनी कॅसेटवर रेकॉर्ड केलेली कीर्तनं, सगळं एका जागी आणि नावं मराठीत, कारण आईला टीव्हीवर इंग्रजी नावं वाचत बसायचा कंटाळा आहे आणि तिने का वाचावीत? तर टीव्हीवर काय दिसलं? ???? आणि ???? आणि ????????. आई म्हणाली, "अरे, यातलं लग्न कुठलं आणि मुंज कुठली?" सांगता येईना, कारण 'लग्न' मध्ये हलंत धरून चार चिन्हं आणि 'मुंज' मध्ये उकार, अनुस्वार धरून पण चारच, म्हणजे दोन्ही फोल्डरचं नाव तंतोतंत एकच. आणि नुसती नावं गेली असती तर चाललं असतं, फोल्डर उघडलं की आत रिकामं! हीच डिस्क लॅपटॉपला लावा, नावं व्यवस्थित. थेट टीव्हीला लावा, व्यवस्थित. राउटरमधून आली की प्रश्नचिन्हं.

सपोर्टला फोन केला. पहिल्याने राउटर रीसेट करायला लावला. दुसरा म्हणाला पोर्ट प्रिंटरसाठी आहे, मीडियाची गॅरंटी नाही, आणि खोक्यावर मोठ्या अक्षरात मीडिया सर्व्हर छापलंय. तिसऱ्याने उपाय दिला, "सर, फाईलची नावं इंग्लिशमध्ये ठेवा." इथे माझं डोकं फिरलं. भारतात विकता, बिल भारतातलं, आणि घरातल्या फोल्डरला कुठल्या भाषेत नाव द्यायचं ते तुम्ही सांगणार?

मग स्वतःच खणलं. राउटरच्या आत बहुतेक वेळा लिनक्स ही ऑपरेटिंग सिस्टिम असते. माझी डिस्क टीव्हीला लावायची म्हणून कधीकाळी फॅट३२ मध्ये (डिस्कवर फाईल मांडायची एक जुनी पद्धत) फॉरमॅट केलेली होती. फॅट३२ जोडताना लिनक्सला सांगावं लागतं की नावं यूटीएफ-८ मध्ये दाखव, म्हणजे देवनागरीसकट सगळ्या लिप्या बसतात त्या पद्धतीत. फर्मवेअर, म्हणजे राउटरच्या आतलं सॉफ्टवेअर, बनवणाऱ्याने ते सांगितलेलं नसलं तर युरोपातल्या भाषांपुरतं एक जुनं कोष्टक वापरलं जातं, त्यात देवनागरी नाहीच, म्हणून प्रत्येक चिन्हाला एक प्रश्नचिन्ह. फाईल उघडायला जाताना परत तेच प्रश्नचिन्हांचं नाव शोधलं जातं, त्या नावाची फाईल डिस्कवर नसते, म्हणून रिकामं. एका सेटिंगचा प्रश्न आहे हो! फर्मवेअर अपडेट पण आलं मधे, त्यात ॲपचा आयकॉन बदलला.

शेवटी सगळा डेटा दुसरीकडे काढून डिस्क एनटीएफएस (विंडोजची नवी पद्धत) मध्ये फॉरमॅट केली आणि परत भरली. नावं आली. लग्न वेगळं, मुंज वेगळी, आई खूश. वर फॅट३२ ची एका फाईलला ४ जीबीची मर्यादा असते तीही गेली, त्यामुळे लग्नाचा व्हिडिओ आता तुकडे न करता अख्खा आहे.

इथपर्यंत मी एकच स्टार देणार होतो. पण दिवाळीत सगळे जमले तेव्हा एका टीव्हीवर कीर्तन, आतल्या खोलीत पोरांचा सिनेमा, दोन्ही न अडकता चाललं, तेव्हा मत बदललं. एनटीएफएसवर कॉपी करताना राउटर कुंथतो, आठ-दहा एमबीच्या वर स्पीड जात नाही, पण साध्या एचडी सिनेमाला सेकंदाला एक-दीड एमबी पुरतो, मग मला काय करायचंय. फोरकेच्या मोठ्या फाईल वायफायवर अडकतात, त्या आमच्याकडे नाहीतच.

बाकीच्या कटकटी भराभर सांगतो. राउटर फाईल जशी आहे तशी पाठवतो, कन्व्हर्ट करत नाही, त्यामुळे टीव्हीला डीटीएस आवाज कळत नसेल तर चित्र दिसेल आणि आवाज नसेल. जुन्या व्हीसीडीच्या डॅट फाईल यादीत दिसतच नाहीत, एमपी४ करून घ्या. कीर्तनाचे भाग १, १०, ११, २ असे लागतात, नावात ०१, ०२ लिहा. लॅपटॉपवरून राउटरवरचं शेअर केलेलं फोल्डर उघडत नसेल तर राउटर एसएमबी १ ही फाईल शेअरिंगची जुनी पद्धत वापरत असणार, ती २०१७ च्या वॉनाक्राय व्हायरस प्रकरणानंतर विंडोज १० मध्ये आपोआप येत नाही. ती चालू करत बसू नका, मी एफटीपीने (फाईल पाठवायची दुसरी पद्धत) टाकतो. आणि डिस्क लॅपटॉपला लावली तर सेफली रिमूव्ह करूनच काढा, नाहीतर राउटर ती फक्त वाचायला जोडतो. वीज गेली तरी हाच ताप, म्हणून राउटर आणि हब दोन्ही छोट्या यूपीएसवर घेतलेत.

तरी ठेवणार का? ठेवणार. जुना पीसी ५० वॅटचा धरला आणि चोवीस तास चालू ठेवला तर महिन्याला ३६ युनिट. ही डिस्क दोन वॅटच्या आसपास खाते, म्हणजे दीड युनिटसुद्धा नाही, आणि राउटर तसाही चालूच असतो. वेगळा नास (NAS, नेटवर्कला जोडायचा डिस्कचा डबा) घ्यायचा तर राउटरच्या कितीतरी पट पैसे, वर डिस्क वेगळ्या. कीर्तनं ऐकायला एवढं कोण घालतं? फक्त एक, लग्नाची दुसरी कॉपी कपाटात वेगळ्या डिस्कवर आहे, राउटरच्या भरवशावर एकुलती एक कॉपी ठेवायची माझी हिंमत नाही.

कंपनीने रेटिंग मागितलं ते तक्रार निवारणाचं, म्हणून तिथे मात्र एकच स्टार टाकला आणि शेरा अख्खा मराठीत लिहिला. आता मावशीलाही घरी असंच पाहिजे. तिच्यासाठी राउटर घेताना 'मुंज' नावाचं फोल्डर टाकलेला फॅट३२ चा पेनड्राइव्ह खिशात नेणार आहे, दुकानदार लावू देतो का बघू.