पेमेंट अडकलं की आठवण पाठवणारं प्लगइन, की स्वतःची वेबहुक जोडणी?

एप्रिलमध्ये हापूसच्या पेट्या ऑनलाइन विकणाऱ्याला हा मेसेज पाठ असतो: "दादा, पैसे कापले गेले, पण ऑर्डर दिसत नाही." दिवसाला असे दोन-तीनच येत असतील तर ऑटोमेशनच्या फंदात पडू नका. गेटवेच्या, म्हणजे ग्राहकाचे पैसे दुकानापर्यंत पोचवणाऱ्या पेमेंट सेवेच्या, डॅशबोर्डवर पेमेंट शोधायचं, व्हॉट्सअ‍ॅपवर उत्तर द्यायचं, विषय संपला. हाताने भागेनासं झालं की दोन वाटा उरतात: ग्राहकाला आठवण पाठवणारं प्लगइन, म्हणजे दुकानाच्या वेबसाइटला लावायची तयार जोड, किंवा गेटवेकडून थेट सूचना घेणारी वेबहुक जोडणी.

आठवण पाठवणारं प्लगइन अर्ध्या तासात लागतं, डेव्हलपर लागत नाही. पिन चुकला, ओटीपी उशिरा आला, खात्यात पैसे नव्हते, अशा खरोखर फसलेल्या पेमेंटला ते पुरतं. फक्त मेसेज लवकर जाऊ द्या. उद्यापर्यंत ग्राहक कोपऱ्यावरच्या गाडीवरून पेटी घेऊन मोकळा झालेला असतो.

घोळ होतो तो पैसे कापले गेलेल्या पेमेंटमध्ये. अशा बहुतेक प्लगइनना फक्त दुकानातली ऑर्डर दिसते, बँकेत काय चाललंय ते नाही. वूकॉमर्स या ऑनलाइन दुकानाच्या सॉफ्टवेअरमध्ये माल राखून ठेवण्याची मुदत मुळात ६० मिनिटांची असते. तोवर पैसे आले नाहीत तर ऑर्डर रद्द होते आणि पेटी पुन्हा विक्रीला लागते. बँकेचा होकार त्यानंतर आला, तर पैसे एकाचे आणि पेटी दुसऱ्याची. त्यात प्लगइनने मधेच "पेमेंट पूर्ण करा" अशी लिंक पाठवली असेल, तर बिचारा ग्राहक दोनदा भरतो.

वेबहुकमध्ये गेटवे स्वतःहून तुमच्या सर्व्हरला कळवतो की पेमेंट फसलं, मंजूर झालं, की जमा झालं. लिंक पाठवण्याआधी खरी स्थिती विचारता येते, उशिरा आलेले पैसे ऑर्डरला जोडता येतात, माल संपला असेल तर रिफंड आपोआप सोडता येतो. पण हे काम नीट करणारा माणूस हवा. एकच सूचना दोनदा येऊ शकते, 'फसलं' म्हटल्यावर मागून 'जमा झालं' येऊ शकतं, आणि सूचना गेटवेचीच आहे हे दाखवणारी डिजिटल सही न तपासता ती स्वीकारली तर कोणीही खोटी ऑर्डर 'पेड' करून जाईल. बांधून झाल्यावरही सर्व्हर बंद पडला की पहाटे उठायचं तुम्हालाच.

मधली वाट बरेच जण विसरतात. रेझरपेसारख्या गेटवेच्या स्वतःच्या प्लगइनमध्ये वेबहुकची सोय असते; ती चालू करा, माल राखायची मुदत वाढवा आणि आठवणीचं प्लगइन त्यानंतर लावा. लहान दुकानाला माझं मत याच जोडीला.

ग्राहकाला काय सांगायचं, हेही आत्ताच लिहून ठेवा. रिझर्व्ह बँकेच्या २०१९च्या नियमाप्रमाणे पैसे कापले गेले पण दुकानाला खात्री मिळाली नाही, तर यूपीआय असो वा कार्ड, व्यवहाराच्या दिवसानंतर ५ दिवसांत ते आपोआप परत जायला हवेत. पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई. आपोआप जाणाऱ्या मेसेजमध्ये "पुन्हा भरा"च्या आधी हे वाक्य असलं की निम्मे फोन कमी होतात, असा माझा अनुभव.

दर महिन्याला सबस्क्रिप्शनचे पैसे कापत असाल, तर मात्र प्लगइनचा विचारच नको. वजावटीच्या २४ तास आधी ग्राहकाला सूचना जावी लागते, तेव्हा ते काम गेटवेच्या सबस्क्रिप्शन सेवेवरच सोडा.