एनटीपीडी की क्रोनी? आमच्या मेल सर्व्हरचा कौल

कंप्युटरच्या घड्याळासाठी अचूक वेळ कुठून घ्यायची, हा वाद बहुतेकांपुरता मिटलाय. सीईआरटी-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांनंतर एनआयसी (सरकारी माहिती केंद्र) किंवा एनपीएलचे (राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळा) वेळ देणारे सर्व्हर, नाहीतर त्यांच्याशी जुळलेले. त्या सर्व्हरशी ताडून चुकलेलं घड्याळ जागेवर आणणारे दोन प्रोग्रॅम आहेत; हे काम जुन्या एनटीपीडीकडे ठेवायचं की क्रोनीकडे द्यायचं, एवढंच ठरवायचं उरतं. फोर्टमधल्या एका ब्रोकरच्या ऑफिसात मी दोन्ही चालवलेत.

कायम चालू असलेल्या साध्या मशीनवर मला तरी फरक जाणवला नाही. जीपीएस रिसीव्हरसारखं जुनं उपकरण थेट जोडलेलं असेल, तर एनटीपीडीकडे त्यांचे ड्रायव्हर जास्त आहेत. तिथे तोच बरा.

माझं मत फिरलं ते मागे जाणाऱ्या घड्याळामुळे. मशीनच्या नि सर्व्हरच्या वेळेतला फरक १२८ मिलिसेकंदांच्या वर जाऊन काही मिनिटं टिकला, की एनटीपीडी एका झटक्यात वेळ बदलतो, मग मशीन महिनोन्महिने चालू का असेना. पुढे उडी मारली तर बहुधा निभावतं. आमचं मेलचं व्हर्च्युअल मशीन (खऱ्या मशीनच्या, म्हणजे होस्टच्या आत सॉफ्टवेअरने चालणारं) मात्र एका होस्टवरून दुसऱ्यावर हलवलं की त्याचं घड्याळ काही सेकंद पुढे जायचं. थोड्या वेळाने एनटीपीडी ते मागे खेचायचा, आणि आमच्याकडचा डोव्हकॉट हा मेल सर्व्हर, जुन्या आवृत्तीचा, ‘वेळ मागे गेली, यातून बरेच घोळ होतील’ अशा अर्थाची ओळ लॉगमध्ये टाकून सरळ बंद पडायचा. इकडे सव्वानऊला बाजार उघडतोय आणि डीलरांचे फोनवर फोन. लॉग उघडला, तर ९:१४:०७ च्या खाली ९:१४:०३. आधी काय घडलं नि नंतर काय, हे त्यावरून कोणी सांगायचं? ज्या धंद्यात ऑर्डर कोणाची आधी आली यावरून भांडणं होतात, तिथे हे मला चालण्यासारखं नव्हतं.

एनटीपीडी सुरू करताना ‘डॅश एक्स’ (-x) हा पर्याय देता येतो. मग ६०० सेकंदांपर्यंतचा फरक तो हळूहळू भरून काढतो. पण फारच हळू: एका सेकंदाची चूक भरायला २,००० सेकंद. दहा सेकंदांची चूक म्हणजे साडेपाच तास, जवळजवळ अख्खा बाजार उलटून जातो.

क्रोनीच्या सेटिंगच्या फाइलमध्ये ‘मेकस्टेप १.० ३’ (makestep 1.0 3) ही ओळ बऱ्याच ठिकाणी आयतीच मिळते. पहिल्या ३ अपडेटमध्ये फरक सेकंदाहून मोठा असेल तरच उडी, नंतर नाही. पुढे गेलेलं घड्याळ तो फक्त मंद चालवतो, आणि हे एनटीपीडीपेक्षा कितीतरी लवकर उरकतो. चालू मशीन अर्धा तास चुकलं असेल, तर मात्र डेटाबेस थांबवून हातानेच मेकस्टेपची आज्ञा देऊन घड्याळाला उडी मारायला लावावी, असं मला वाटतं.

जिथे एनटीपीडी बिनतक्रार चालतोय तिथे घाईने हात लावू नका. रेड हॅट एंटरप्राइझ लिनक्स ८ वर जाणार असाल तर एनटीपीडी त्याच्या पॅकेजमध्ये मिळणारच नाही, तेव्हा बदल तसाही होईल. व्हर्च्युअल मशीन असतील तर मी वाट पाहणार नाही. आधी मेल आणि डेटाबेसच्या मशीनवर क्रोनी टाकीन, बाकीची सवडीने.