बाजारातलं तेल, मेडिकलची गोळी की रक्ताची तपासणी?

आमच्या आठवडी बाजारात जडीबुटीचं तेल विकणारा येतो. "एका महिन्यात वीतभर केस" हे त्याचं पालुपद. वीत म्हणजे वीसेक सेंटिमीटर. माणसाचा केस महिन्याला जेमतेम 1 सेंटिमीटर वाढतो, कोणाचा थोडा जास्त. म्हणजे वीतभर व्हायला दीड-पावणेदोन वर्षं.

मग एकीची वेणी कमरेखाली अन् दुसरीची खांद्यालाच का अडते? मुख्य फरक मुदतीचा. डोक्यावरचा केस 2 ते 6 वर्षं वाढतो, मग थांबतो, तीनेक महिने नुसता बसतो अन् गळतो. ही मुदत बरीचशी आईबापाकडूनच येते. रोज 50 ते 100 केस गळणं त्यातच आलं.

तेलानं मुळाचा वेग वाढत नाही. खोबरेल मात्र केसात मुरतं, धुताना त्यातलं प्रथिन कमी जातं, केस कमी तुटतो. तेवढ्यासाठी घरची बाटली पुरे. अन् चकोट केल्यानं केस दाट येत नाहीत. कापलेलं टोक बोथट असतं, म्हणून जाड लागतं.

गोळीचं जरा जपून. केसांच्या गोळीत बायोटिन नावाचं जीवनसत्त्व असतं; त्याची कमतरता क्वचितच असते, अन् ती गोळी चालू असली तर थायरॉईडचा रिपोर्ट चुकू शकतो. काही गोळ्यांत सेलेनियम नावाचं खनिजही असतं. डिसेंबर 2024 च्या अखेरीपासून शेगाव तालुक्यातल्या काही गावांत लोकांचे केस काही दिवसांतच गेले, तेव्हा संशय जास्तीच्या सेलेनियमवरच गेला होता. पोषक म्हणून कितीही खावं, असं नसतं बाप्पा.

माझं मत विचाराल तर पहिला पैसा तपासणीवर. श्रावणात डेंगू किंवा टायफॉईड झाला की केस कंगव्यात येतात दिवाळीच्या सुमारास, अन् दोष मिळतो नव्या शाम्पूला. बाळंतपणानंतरही तसंच, दोन-तीन महिन्यांनी. हे केस बहुतेक वेळा आपोआप परत येतात. पण बाईच्या अंगात रक्त कमी असेल तर गळती लांबते. हिमोग्लोबिन प्राथमिक आरोग्य केंद्रात पाहता येतं. डॉक्टर म्हणाले तर फेरिटिन (म्हणजे अंगातला लोहाचा साठा) अन् थायरॉईड तालुक्याला. जेवल्याबरोबर चहा नको, लोह नीट लागत नाही. वरणावर लिंबू पिळा.

भांग रुंदावतोय किंवा बापासारखं कपाळ मागे चाललंय, तर मिनॉक्सिडिल. मुळात हे रक्तदाबाचं औषध. चार-सहा महिने लावावं लागतं, सुरुवातीला गळती वाढते, बंद केलं की मिळालेलं जातं. गरोदर किंवा दूध पाजणारीनं लावू नये.

चाई पडली असेल, म्हणजे रुपयाएवढा गुळगुळीत डाग, तर यातलं काहीच विकत न घेता त्वचेच्या डॉक्टरकडे जा. लेकराच्या डोक्यावर डागासोबत खपल्या अन् खाज असेल तर बहुधा गजकर्ण असतं; त्याला पोटातून औषध लागतं, नुसत्या मलमानं भागत नाही.