‘अस्मितादर्श’चे खंड बांधून घेतले, त्याबद्दल

छत्रपती संभाजीनगरच्या (औरंगाबादच्या) औरंगपुऱ्यात एका बोळात बाइंडिंग करणारे काका बसतात. पाटी नाही, पण शेजारच्या झेरॉक्सवाल्याला विचारलं की तो दाखवतो. माझ्या दादाने जपलेल्या ‘अस्मितादर्श’ या दलित साहित्याच्या त्रैमासिकाच्या अंकांचे सहा खंड त्यांच्याकडून बांधून घेतले.

दादा १९७० च्या सुमारास नागसेनवनात, म्हणजे इथल्या मिलिंद महाविद्यालयाच्या परिसरात, शिकायला आला आणि तेव्हापासून हे त्रैमासिक घेऊ लागला. वर्गणी मेसच्या पैशातून जायची, आईला पत्ता नव्हता. बाबासाहेबांनी १९५० साली मिलिंद महाविद्यालय सुरू केलं. त्याच परिसरात १९६७ साली ‘अस्मिता’ निघालं, म. ना. वानखडे सरांसारखी माणसं त्यामागे होती. पुढच्याच वर्षी त्याचं ‘अस्मितादर्श’ झालं. गंगाधर पानतावणे सरांनी ते २०१८ साली जाईपर्यंत चालवलं. नोकरी प्राध्यापकाची आणि वर हा व्याप, जवळजवळ पन्नास वर्षं! दलित पँथर ही तरुणांची संघटना १९७२ ची, दया पवारांचं आत्मकथन ‘बलुतं’ १९७८ चं. त्याच्या आधीपासून आमची पोरं या अंकांत लिहीत होती. घरात पहिल्यांदाच कुणी कॉलेजात गेलेलं असायचं आणि त्याची कविता छापून यायची. दादाने सुट्टीत अंक घरी आणला की मी तो चुलीपुढे बसून वाचायचे. मराठीची शिक्षिका झाले त्याला शाळेपेक्षा ते अंक जास्त कारणीभूत आहेत.

म्हणून बांधणीची धास्ती होती. पूर्वी एक खंड दुसरीकडे दिला होता. तिथे कडा मशीनवर इतक्या कापल्या की समासातली दादाची पेन्सिलीतली टिपणं अर्धी उडाली. दादा आता नाही, ती परत कुठून आणू?

काकांनी अंक हातात घेतले आणि आधी गंजलेल्या पिना दाखवल्या. त्या एकेक करून काढल्या, फाटलेल्या घड्यांना पातळ कागद लावला आणि सगळं दोऱ्याने शिवलं. मशीनला हात लावला नाही. मुखपृष्ठंही आत ठेवली, जाहिरातींची पानंसुद्धा. खंड टेबलावर पूर्ण उघडा राहतो, धरून बसावं लागत नाही. मधले दोन अंक सापडत नव्हते, तर तिथे विचारून कोरी पानं शिवली आणि पाठीवर वर्षं लिहून दिली.

खंडाला ४५० रुपये पडले. आठ दिवस सांगून तीन आठवडे लावले, पाच खेपा झाल्या. फोन उचलत नाहीत, समक्षच जावं लागतं. पाठीचं कापडही आणखी जाड चाललं असतं. तरी उरलेले दिवाळी अंक त्यांच्याकडेच देणार आहे.

१९७३ आणि १९७४ चे अंक कुणाकडे असतील तर कळवा. फक्त झेरॉक्स काढून लगेच परत करीन.