एक्सेलमधे कस्टम फॉरमॅटवाले सेल शोधणं : दिवाळीपासून वापरतोय, काय चालतं काय नाही

आधीच सांगून टाकतो, एक्सेलच्या फाइंडमधलं ते 'फॉरमॅट' बटण वाईट नाही, पण ज्या कामासाठी, म्हणजे आकडा कसा दिसावा याचा खास कोड (कस्टम फॉरमॅट) लावलेले सेल हुडकायला, लोक ते शोधत येतात त्याला ते निम्मंच पुरतं. उरलेलं काम त्याच खिडकीतला एक साधा ड्रॉपडाऊन करतो आणि त्याबद्दल कोणी बोलत नाही.

माझं काम हिशेबाचं, बेळगावात. एपीएमसीतली रताळी-बटाट्याची अडत दुकानं आणि उद्यमबागेतली एक फाउंड्री. दुकानवाले अकाउंटिंग सॉफ्टवेअरमधून पार्टीवार बाकी एक्सेलमधे काढतात आणि व्हॉट्सअॅपवर टाकतात. त्यात प्रत्येक रकमेच्या मागं डीआर (नावे) नाहीतर सीआर (जमा) दिसतं, पण सेलवर क्लिक केलं की वर फॉर्म्युला बारमधे नुसता आकडा, अक्षरं गायब. कारण ती अक्षरं सेलमधे नाहीतच, नंबर फॉरमॅटच्या कोडमधे अवतरण चिन्हात बसलेली आहेत. आणि दोन्हीकडचे आकडे प्लसच, त्यामुळं खाली बेरीज मारली की नावे आणि जमा एकत्र होऊन असा आकडा येतो जो कशाचाच नसतो. एका दुकानातले दिवाणजी मला फोनवर म्हणाले, "सीआर दिसालंय की गा डोळ्याला, मग त्या कॉम्प्युटरला का दिसंना?" प्रश्न बरोबर आहे त्यांचा.

तर ते बटण. कंट्रोल एफ, मग ऑप्शन्स, मग फॉरमॅट, नंबरच्या टॅबवर कस्टम, आणि यादीतून पाहिजे तो कोड. फाइंड ऑल केलं की खाली यादी येते, 'विदिन'मधे वर्कबुक केलं तर सगळ्या शीटवरची येते. इथवर छान. पण 'चूज फॉरमॅट फ्रॉम सेल' म्हणून जो शॉर्टकट दिलाय, म्हणजे नमुन्याच्या सेलवर क्लिक करायचं, तो नुसता नंबरचा कोड उचलत नाही, फॉन्ट, बोल्ड, बॉर्डर, रंग, अलाइनमेंट सगळं उचलतो, आणि मग त्या सगळ्याशी जुळणारेच सेल देतो. साध्या ओळीतला सेल नमुना घेतला तर बोल्ड केलेल्या पार्ट्या सुटतात, आणि सुटल्याचं कुठं लिहून येत नाही. म्हणून नमुना घेऊच नका, हातानं नंबर टॅबवर जाऊन कोड निवडा आणि बाकीच्या टॅबना हात लावू नका. दुसरं, एकदा लावलेला फॉरमॅट तिथंच चिकटून राहतो. तासाभरानं तुम्ही एखाद्या पार्टीचं नाव शोधता, समोर दिसत असतं आणि एक्सेल म्हणतं सापडलं नाही. 'क्लिअर फाइंड फॉरमॅट' केल्याशिवाय सुटका नाही.

आणि मोठी अडचण ही की कोड तंतोतंत पाहिजे. 'कुठलाही कस्टम फॉरमॅट दाखव' किंवा 'ज्या कोडमधे सीआर आहे ते सगळे दाखव' असं त्याला सांगताच येत नाही. एक कोड दोन दशांशाचा, दुसरा बिनदशांशाचा, की झाले दोन वेगळे शोध.

आता तो ड्रॉपडाऊन. त्याच खिडकीत 'लुक इन' म्हणून आहे, तो मुळात फॉर्म्युलाजवर असतो म्हणून सीआर टाइप केलं तर काहीच सापडत नाही. तो व्हॅल्यूजवर करा आणि मग बघा. व्हॅल्यूजमधे एक्सेल सेलवर जे दिसतंय ते वाचतं, फॉरमॅटमधून आलेली अक्षरंसुद्धा. फाइंड ऑल, मग यादीत क्लिक करून कंट्रोल ए, सगळे सीआरवाले सेल एकदम सिलेक्ट. खिडकी बंद करून रंग भरा. पार्टीच्या नावात तीच अक्षरं असतील तर तीपण येतात म्हणून आधी रकमेचा कॉलम तेवढा सिलेक्ट करून घ्यायचा. कॉलम अरुंद असून हॅशच्या रांगा दिसत असतील तर ते सेल सापडत नाहीत, लपवलेल्या ओळीपण नाहीत, त्यामुळं आधी कॉलम रुंद करा, फिल्टर काढा, मगच शोधा.

ते सेल मायनस करायचे तर बाजूला कुठंतरी उणे एक लिहून कॉपी करायचं आणि सिलेक्ट केलेल्यांवर पेस्ट स्पेशल, व्हॅल्यूज आणि मल्टिप्लाय. त्यानंतर आकड्यापुढं मायनसपण येतो आणि मागं सीआरपण तसंच राहतं, ते बघून सावकार, म्हणजे दुकानमालक, घाबरतात, म्हणून शेवटी कॉलमचा फॉरमॅट साधा करून टाकायचा.

महिन्याला एकदा फाइल येत असेल तर एवढं पुरे. मला आठवड्याला येतात म्हणून मी गेट डॉट सेलवर गेलो आणि खरं सांगायचं तर आता तेच वापरतो. हे एक्सेल ४ च्या, म्हणजे १९९२ सालच्या मॅक्रो भाषेतलं फंक्शन, शीटवर सरळ लिहिलं तर चालत नाही, नेम मॅनेजरमधे एक नाव तयार करून त्यात लिहावं लागतं, पहिला आकडा ७ आणि मग शेजारच्या सेलचा पत्ता, डॉलर न लावता. मग बाजूच्या कॉलममधे बरोबरचं चिन्ह टाकून ते नाव लिहून खाली ओढलं की प्रत्येक सेलचा अख्खा फॉरमॅट कोड मजकूर म्हणून समोर येतो. फिल्टर लावा, सॉर्ट करा, काय पाहिजे ते करा. फक्त शेवटची दोन अक्षरं काढायला राइट फंक्शन वापरू नका, कोडच्या शेवटी अवतरण चिन्ह असतं त्यामुळं जुळत नाही, सर्च फंक्शन वापरा. फॉरमॅट बदलला तर हे आपोआप ताजं होत नाही, कंट्रोल अल्ट एफ ९ दाबावं लागतं. फाइल मॅक्रोवाली म्हणून सेव्ह करावी लागते, आणि २०२२ पासून हे जुने मॅक्रो मुळातच बंद असतात, ट्रस्ट सेंटरमधे, म्हणजे एक्सेलच्या सुरक्षेच्या सेटिंगमधे, जाऊन चालू करावे लागतात. बाहेरून आलेली फाइल असेल तर मी ते करत नाही, फक्त आकडे माझ्या फाइलमधे फॉरमॅटसकट चिकटवतो.

सेल फंक्शन आहे ना, त्यात 'फॉरमॅट' टाकून बघा असं बरेच जण सांगतात. त्यातून अख्खा कोड येत नाही, जी किंवा एफ २ असलं काहीतरी ढोबळ येतं. आपल्या कामाचं नाही.

फाउंड्रीत वेगळाच प्रकार. पॅटर्न नंबर ०००४५७ असा दिसतो पण आत नुसता ४५७, सहा शून्यांचा फॉरमॅट लावलेला. काही सेलमधे मात्र कोणीतरी खरोखर मजकूर म्हणून ०००४५७ टाइप केलेलं, आणि व्हीलूकअप, म्हणजे यादीतून जुळणी शोधणारं फंक्शन, दोघांना एक मानत नाही. दिसायला जुळी भावंडं, त्यामुळं व्हॅल्यूजवाला शोध इथं बिनकामाचा, दोन्ही देतो. इथं मात्र फॉरमॅट बटणच कामाला येतं, कोड एकच असतो आणि तंतोतंत असतो. तसंच तीन अर्धविरामांचा कोड, ज्यानं सेल कोरा दिसतो, दलालीचा कॉलम झाकायला वापरतात काहीजण. समोरच्याला दिसणार नाही अशी समजूत, पण फॉरमॅटनं शोधलं की दोन सेकंदात बाहेर येतो.

फाइलमधे एकूण कुठले कस्टम कोड आहेत एवढंच बघायचं असेल तर फाइलच्या कॉपीच्या नावातलं डॉटनंतरचं शेपूट बदलून झिप करा, उघडा, आतल्या स्टाइल्सच्या फाइलमधे सगळे लिहिलेले असतात, कस्टमचे क्रमांक १६४ पासून पुढं. कुठल्या सेलला कुठला ते मात्र तिथून काढायला डोकं फुटेल.

खानापूरच्या एका गिऱ्हाइकाकडं लिबरऑफिस आहे. तिथं फाइंड अँड रिप्लेसमधे व्हॅल्यूज निवडून 'फॉरमॅटेड डिस्प्ले'वर टिक केली की सीआर सापडतं, पण नुसत्या नंबर फॉरमॅटवर शोधायची सोय नाही, स्टाइल लावली असेल तरच स्टाइलनं शोधता येतं. गूगल शीट्सच्या फाइंडमधे फॉरमॅटचा पर्यायच नाही, तिथं स्क्रिप्ट लिहावी लागते, म्हणून तिकडून आलेली फाइल मी आधी उतरवून घेतो आणि एक्सेलमधेच उघडतो.