फेंडर प्लेयर टू प्रिसिजन बेस : सुपारीवर जाणाऱ्या वादकाच्या नजरेतून

गणेशोत्सवात सुरू होऊन नवरात्र, कोजागरी, दिवाळी पहाट आणि लग्नसराई अशा क्रमाने पुढे सरकणाऱ्या कार्यक्रमांच्या हंगामात ज्याला बेस गिटार वाजवून घर चालवायचे असते, त्याच्या वाद्याकडून असलेल्या अपेक्षा हौशी वादकाच्या अपेक्षांपेक्षा बऱ्याच वेगळ्या असतात. त्याला रोज नवे सभागृह, नवा साउंडवाला आणि अनेकदा नवा गायक मिळतो, आणि स्वतःचा आवाज लावून पाहायला फार तर एखाद्या गाण्याएवढा वेळ मिळतो. अशा परिस्थितीत जोडली की लगेच ऐकू येणारी आणि ऑर्केस्ट्रात आपली जागा स्वतःच शोधणारी गिटार हवी असेल, तर आज बाजारात मिळणाऱ्या वाद्यांत फेंडर या अमेरिकी कंपनीच्या प्लेयर टू मालिकेतील प्रिसिजन बेसची शिफारस मी निःसंकोचपणे करेन. तिच्या मर्यादाही खऱ्या आहेत आणि त्या पुढे सांगणारच आहे.

या गिटारीचा मूळ आराखडा 1951 सालचा. कॅलिफोर्नियातील फुलर्टन येथे लिओ फेंडर यांनी ती बाजारात आणली, तेव्हा बेसवादक माणसाच्या उंचीचा डबल बेस घेऊन फिरत असत आणि ट्रम्पेट-ट्रॉम्बोनच्या ब्रास सेक्शनसमोर तो ऐकूही येत नसे. खांद्याला अडकवता येईल, ॲम्प्लिफायरला जोडता येईल आणि मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्यांमुळे, म्हणजे फ्रेटमुळे, सूर जागच्या जागी लागेल असे वाद्य त्यांना हवे होते. 1957 मध्ये तिला दोन तुकड्यांचा पिकअप (तारांची कंपने विजेच्या सिग्नलमध्ये बदलणारा भाग) मिळाला आणि त्यानंतर तिच्यात मूलभूत असे फारसे काही बदललेले नाही. 2024 मध्ये आलेली प्लेयर टू मालिका मेक्सिकोतील एन्सेनाडा येथे तयार होते. मेपलची मान, रोझवूड किंवा मेपलचा फिंगरबोर्ड, 34 इंचांचे स्केल (तारेची वाजणारी लांबी), 20 फ्रेट, एक पिकअप आणि दोन नॉब, एक व्हॉल्यूमचा व एक टोनचा, एवढाच तिचा संसार आहे. आत बॅटरी नाही, त्यामुळे ऐन कार्यक्रमात ती संपण्याची भीतीही नाही. फिंगरबोर्डच्या कडा गोलसर घासलेल्या असल्यामुळे तीन तासांच्या कार्यक्रमानंतर डाव्या तळव्याला जो फरक जाणवतो, तो दुकानात पाच मिनिटे वाजवून कळणार नाही.

आवाजाविषयी थोडे सविस्तर लिहिले पाहिजे, कारण मराठी ऑर्केस्ट्रात बेसवादकाची खरी परीक्षा ढोलकी आणि तबल्यासमोर होते. पाश्चात्त्य बँडमध्ये खर्जाची जागा बेस आणि किक ड्रम या दोघांतच वाटली जाते. आपल्याकडे तिथे डग्गाही असतो, ढोलकीची खर्जाची बाजूही असते आणि हल्ली त्यात ऑक्टोपॅड या इलेक्ट्रॉनिक तालवाद्याची भर पडलेली असते. लावणीच्या ठेक्यात ढोलकीवादक डाव्या हाताने घुमारा खेचतो, त्या क्षणी बेसचा लांब, पसरट सूर खाली चालू असेल तर दोन्ही आवाज एकमेकांत विरघळतात आणि श्रोत्यांपर्यंत नुसती गुणगुण पोहोचते. प्रिसिजन बेसचा भर अगदी खालच्या कंपनांपेक्षा त्यांच्या जरा वरच्या पट्ट्यावर असतो, म्हणून तिचा सूर घुमाऱ्याच्या शेजारी उभा राहतो, त्याच्या अंगावर पडत नाही. काळी एकच्या गाण्यात ए तारेच्या (जाडीच्या क्रमाने चार तारा ई, ए, डी आणि जी) चौथ्या फ्रेटवर षड्ज धरून, ढोलकीचा घुमारा येण्याआधी डावे बोट दाब सोडण्यापुरते उचलले, की या गिटारीचा सूर स्वच्छ तुटतो, मागे शेपूट ठेवत नाही, आणि ठेक्याला जी उचल मिळते ती समोरच्या रांगेतल्या माणसाच्या पायात लगेच दिसते.

याच गुणाचा फायदा ध्वनिमुद्रणात होतो. मोकळ्या ई तारेचे मूळ कंपन सेकंदाला सुमारे 41 असते आणि मोबाइलच्या स्पीकरमधून ते बाहेरच पडत नाही. ऐकणाऱ्याचा कान वरच्या उपस्वरांवरून खालचा सूर ओळखून घेतो. ज्या गिटारीत हे उपस्वर ठसठशीत असतात, तिचा बेस मोबाइलवरही कळतो. अमेरिकेत डेट्रॉइटच्या मोटाउन स्टुडिओत जेम्स जेमर्सन यांनी 1962 च्या प्रिसिजन बेसवर, जाड फ्लॅटवाउंड, म्हणजे चपट्या गुळगुळीत वेष्टनाच्या, तारा लावून आणि उजव्या हाताचे फक्त पहिले बोट वापरून जे काम केले, ते त्या काळच्या छोट्या रेडिओवरही गाण्याच्या चालीइतकेच स्पष्ट ऐकू येत असे. आपल्याकडे राहुलदेव बर्मन यांच्या वादकवृंदातील टोनी वाझ यांचे बेसवादन ज्यांनी लक्ष देऊन ऐकले आहे, त्यांना बेस हे केवळ खालून टेकू देणारे वाद्य नाही हे वेगळे सांगावे लागत नाही. त्या काळातली गाणी वाजवायची असतील, तर या गिटारीला फ्लॅटवाउंड तारा लावाव्यात, टोनचा नॉब अर्ध्याच्या खाली आणावा आणि ब्रिजजवळ (तारा गिटारीच्या अंगावर जिथे टेकतात तिथे) तारांखाली स्पंजचा तुकडा सरकवावा. भावगीतांच्या कार्यक्रमात डबल बेसच्या इतके जवळ जाणे दुसऱ्या कोणत्याही सोप्या उपायाने मला जमलेले नाही.

मंडपातल्या कार्यक्रमांसाठी आणखी एक गुण मोलाचा आहे. या पिकअपचे दोन तुकडे प्रत्येकी दोन तारांसाठी असतात आणि त्यांची रचना परस्परविरुद्ध असल्यामुळे बाहेरून येणारी विजेची घरघर एकमेकांत रद्द होते. जनरेटर, दिव्यांचे डिमर आणि एलईडी पडदा हे सगळे एकाच रंगमंचावर असते, तेव्हा या गोष्टीची किंमत कळते. फेंडरचीच दोन पिकअपची जॅझ बेस हेही उत्तम वाद्य आहे आणि तिची 38 मिलिमीटरची अरुंद मान काहींना अधिक सोयीची वाटते, परंतु तिच्या साध्या पिकअपपैकी एकाचा आवाज कमी केला की घरघर डोके वर काढते. शांत गाण्याच्या आधीच्या निवेदनात तो आवाज स्पीकरमधून येत राहणे गायकाला आणि निवेदकाला त्रासदायक असते, आणि साउंडवाला अशा वेळी सर्वांत आधी बेसचा चॅनल बंद करतो.

आता मर्यादा. तारा चारच आहेत, आणि आपल्या संगीतात पट्टी गायकाच्या गळ्यावर ठरत असल्यामुळे ही अडचण वारंवार येते. पांढरी दोनमधील गाण्यात सगळ्यात खालचा षड्ज या गिटारीवर नाही. तो एक सप्तक वर, ए तारेच्या पाचव्या फ्रेटवर किंवा मोकळ्या डी तारेवर घ्यावा लागतो. आजच्या सिनेसंगीतात सिंथ बेसने वाजवलेले सूर त्याहून खाली जातात. ज्याचे बहुतांश काम नव्या गाण्यांचे आहे, त्याने पाच तारांची गिटार आधी घ्यावी आणि ही नंतर, असे माझे स्पष्ट मत आहे. अंगठ्याने तार आपटून वाजवायच्या शैलीतही हिच्यापेक्षा दोन पिकअपच्या गिटारी अधिक चमकदार वाजतात. नटपाशी, म्हणजे डोक्याजवळ तारा ज्या खाचांतून जातात त्या पट्टीपाशी, तिची मान 41 मिलिमीटरच्या थोडी पुढे आहे, त्यामुळे लहान हाताच्या वादकाला पहिले काही महिने करंगळीची ओढाताण सोसावी लागते. वजन साधारण चार किलोच्या घरात असते. अरुंद पट्टा लावून ती खांद्यावर घेऊ नये, रुंद आणि आतून मऊ पट्टा घ्यावा.

हवामानाकडेही लक्ष द्यावे लागते. मुंबई, कोकण आणि गोव्याच्या पावसाळ्यात लाकूड ओलावा धरते आणि तारांची उंची बदलते. मानेतील लोखंडी दांडीचा पेच गिटारीच्या डोक्याकडूनच फिरवता येतो, मान उघडावी लागत नाही, ही सोय मोठी आहे. मात्र एका वेळी पाव फेऱ्याहून अधिक फिरवू नये आणि मान स्थिरावायला पुरेसा वेळ द्यावा. दिवाळी पहाटेच्या कार्यक्रमात पहाटेच्या गारव्यात लावलेले सूर ऊन वर आल्यावर उतरतात, म्हणून ट्यूनर पायाशी ठेवून निवेदनाच्या वेळी आवाज बंद करून तारा तपासण्याची सवय लावून घ्यावी.

गिटार चांगली असली तरी पुढची साखळी कच्ची असेल, तर पैसे वाया जातात. आत सिग्नल वाढवणारा प्रीॲम्प नसल्यामुळे लांब केबलमध्ये तिचा वरचा आवाज मंदावतो. केबल वीस फुटांच्या आतच ठेवावी आणि तिथून डीआय बॉक्समार्गे (गिटारीचा सिग्नल मिक्सरला मानवेल असा करणारी छोटी डबी) मिक्सरला सिग्नल द्यावा. ॲक्टिव्ह डीआय मिक्सरकडून येणाऱ्या 48 व्होल्टवर चालतो आणि अशा गिटारीला तोच अधिक मानवतो. तो स्वतःचा विकत घेऊन बॅगेत ठेवावा. एका नाट्यगृहात मंडळींनी दिलेल्या डीआयचा सॉकेट सैल होता, आणि पहिल्या अंतऱ्यापासून बेस येत-जात राहिल्यामुळे गायिकेला पेटीच्या आधारावर गाणे ओढून न्यावे लागले. पुढच्या नाईटला बोलावणे येते ते वादकाच्या नावाने, डीआयच्या नाही.

किमतीचा प्रश्न नाजूक आहे. वाद्य आयात होऊन येते आणि नवोदित वादकाच्या मानधनाशी तिची किंमत जुळत नाही. महिन्याला मोजक्याच सुपाऱ्या मिळत असतील, तर फेंडरच्याच स्क्वायर नावाखाली मिळणारी प्रिसिजन बेस घ्यावी, उरलेल्या पैशांत चांगल्या तारा, डीआय आणि कडक कव्हरची पेटी घ्यावी. एसटीच्या टपावर किंवा टेम्पोच्या मागे सामानाखाली गिटार जाणार असेल, तर पेटी चैनीची वस्तू नव्हे. ज्यांचे काम स्थिरावले आहे आणि स्टुडिओची बोलावणी येऊ लागली आहेत, त्यांनी मात्र थेट प्लेयर टूच घ्यावी.

खरेदी ऑनलाइन न करता धोबी तलावच्या फुर्टाडोजसारख्या, वाद्य हातात घेऊन वाजवू देणाऱ्या दुकानात जाऊन करावी, कारण एकाच मॉडेलच्या दोन गिटारी सारख्या वाजत नाहीत. तिथे ॲम्प्लिफायर लावण्याआधी प्रत्येक तारेवर प्रत्येक फ्रेट सावकाश वाजवून पाहावा. जी तारेवर पाचव्या ते सातव्या फ्रेटच्या आसपास सूर लवकर विझतो का, याकडे विशेष लक्ष द्यावे; स्क्रूने जोडलेल्या लाकडी मानेच्या बऱ्याच बेस गिटारींत तिथे कमीअधिक प्रमाणात असे होते आणि सेटिंग करून ते पूर्णपणे जात नाही. सूर फारच लवकर विझत असेल, तर रंगाच्या मोहात न पडता त्याच मॉडेलची दुसरी गिटार काढून दाखवायला सांगावे.