पोर्थगाइन (वेल्स) येथील भाड्याचे घर आणि परिसर: एक अभिप्राय

जळगाव-धुळ्याकडची अनेक मुले आता इंग्लंडमध्ये नोकरीला असल्याने त्यांचे आईवडील उन्हाळ्यात तिकडे जातात आणि लंडन, फार तर स्कॉटलंड पाहून परततात. त्यांच्यापैकी ज्यांना काही दिवस शांतपणे समुद्राकाठी काढावेसे वाटतात, त्यांच्यासाठी वेल्सच्या पेम्ब्रोकशर किनाऱ्यावरील पोर्थगाइन या चिमुकल्या गावातील मुक्कामाविषयी लिहीत आहे. मुलाच्या कुटुंबासह आम्ही तेथे एक जुने दगडी घर भाड्याने घेतले होते.

घर स्वच्छ आणि ऊबदार होते, गरम पाण्याची कधीच अडचण आली नाही. जिना मात्र अरुंद आणि उभा असल्याने ज्यांचे गुडघे दुखतात त्यांनी तळमजल्यावर झोपण्याची सोय आहे का, हे आधी विचारून घ्यावे. खरी तक्रार स्वयंपाकघराची आहे. शेगडी विजेची, काचेच्या सपाट पृष्ठभागाची; तिच्यावर वांगी भाजता येत नाहीत, आणि ओव्हनमध्ये भाजलेल्या वांग्यांच्या भरिताला तुरकाठ्यांवरच्या भरिताची सर येत नाही, हे एक वेळ चालून जाते. पण धुराची सूचना देणारा भोंगा नेमका शेगडीच्या वर बसवला असल्याने फोडणीत मिरची पडली रे पडली की तो ठणाणा करू लागे. मालकांना कळवल्यावर 'खिडकी उघडी ठेवा' एवढेच उत्तर मिळाले. बोचरा वारा आत घेऊन शेवभाजी करणे हा काही उपाय म्हणता येणार नाही.

तरीही हे गाव मनात भरले ते त्याच्या बंदरामुळे. बंदराच्या एका अंगाला विटांच्या प्रचंड कोठारांची रांग उभी आहे. वरच्या कड्यावरील खाणीतून काढलेला कठीण दगड येथे यंत्राने फोडून आकारमानानुसार वेगवेगळ्या कोठारांत साठवला जाई आणि तेथून थेट खाली लागलेल्या जहाजांत ओतला जाई. तो रस्तेबांधणीसाठी दूरवर जात असे. स्लेटच्या, म्हणजे पाटीच्या दगडाच्या, टाकाऊ चुऱ्यापासून येथे विटाही बनत. १९३१ मध्ये हा सारा उद्योग बंद पडला, परंतु कोठारे पाडली गेली नाहीत. आपल्याकडे बंद पडलेली गिरणी म्हणजे प्लॉट पाडण्याची जागा, असे समीकरण डोक्यात असल्याने मी या भिंतींसमोर बराच वेळ उभा राहिलो. जवळ गेल्यावर विटांच्या कडा खाऱ्या वाऱ्याने झिजलेल्या दिसतात आणि माल सोडण्याची तोंडे अजूनही ओळखू येतात.

बंदरापासून पश्चिमेकडे किनाऱ्याची पायवाट जाते. हा १९७० मध्ये खुल्या झालेल्या सुमारे ३०० किलोमीटर लांबीच्या पेम्ब्रोकशर किनारामार्गाचा एक तुकडा आहे. या वाटेने सुमारे तीन किलोमीटरवर अबेरायदी येथे 'ब्लू लगून' लागते. मूळची ही स्लेटची खाण. ती बंद पडल्यावर समुद्राच्या बाजूचा खडक फोडून पाणी आत घेतले गेले, आणि आज तेथे सुमारे २५ मीटर खोल, निळसर हिरवे पाणी साठलेले दिसते. उंच कड्यांवरून सूर मारण्याच्या जागतिक स्पर्धाही येथे झाल्या आहेत. वाट अवघड नाही, मात्र काही ठिकाणी कड्याच्या अगदी कडेने जाते आणि कठडा नाही; नातवंडांचा हात सोडू नये. वाटेतल्या वाळूच्या किनाऱ्यावर उतरायचे असेल तर भरती-ओहोटीच्या वेळा पाहूनच उतरावे.

गाडी नसली तरी अडत नाही. फिशगार्ड ते सेंट डेव्हिड्स धावणारी ४०४ क्रमांकाची 'स्ट्रम्बल शटल' बस गावात येते आणि आडमार्गावर सुरक्षित जागा पाहून हात दाखवला की थांबते. हिवाळ्यात तिच्या फेऱ्या कमी होतात. सेंट डेव्हिड्सची वस्ती दोन हजारांच्याही आत, पण त्याला शहराचा दर्जा आहे. ११८१ मध्ये बांधायला घेतलेले तेथील कॅथेड्रल अवश्य पाहावे.

खाण्याच्या बाबतीत शाकाहारी मंडळींनी फार अपेक्षा ठेवू नयेत. गावात 'स्लूप इन' हे जुने मद्यगृह आणि मासळीचे एक उपाहारगृह आहे. खेकडे, शेवंड खाणाऱ्यांची येथे चंगळ होते. किराणा मात्र येतानाच भरून आणावा आणि काळा मसाला घरूनच न्यावा.

लंडनहून हॅव्हरफर्डवेस्टपर्यंत रेल्वेला साडेचार ते पाच तास लागतात, पुढचा प्रवास बसने किंवा टॅक्सीने करावा लागतो. जूनमध्येही दुपारचा पारा १७-१८ अंशांवर घुटमळतो, तेव्हा जळगावच्या उन्हाळ्यातून थेट येणाऱ्यांनी स्वेटर हाताशी ठेवावा. सूर्य साडेनऊनंतर मावळत असल्याने जेवणानंतरही फिरायला भरपूर उजेड मिळतो. जुलैअखेर तिथल्या शाळांना सुट्टी लागली की भाडी चढतात, म्हणून जूनमधलेच आरक्षण करावे, आणि करताना भोंगा कुठे बसवला आहे तेही विचारावे.